‘ब’ गटातली गोळी

मंगळवार, २८ जानेवारी

आजपासून मीही डायरी लिहायला घेतली. मायाला हॉस्पिटलने एक डायरी दिली आहे. रोज काय दुखलं, काय खाल्लं, किती उलट्या झाल्या ते त्यात लिहायचं. मी सहज पेन उघडून पहिल्या पानावर तिचं नाव घालायला गेलो, तर रुचिता म्हणाली, "काका, ही फक्त काकूंनी भरायची. तुम्ही हात नाही लावायचा." एकतीस वर्षं एस.टी.च्या खोपट डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून नोंदी ठेवणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. येताना चौकातल्या दुकानातून ही वही घेतली. हिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

रुचिता म्हणजे ठाण्याच्या त्या हॉस्पिटलात औषधाच्या चाचणीचं सगळं बघणारी मुलगी. वय सत्तावीस-अठ्ठावीस, आवाज हेडमास्तरणीचा.

मायाच्या अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सव्वा वर्ष झालं. नंतर सहा केमो झाल्या. आम्ही पेढे वाटले आणि चार महिन्यांत गाठ परत आली. डॉ. शुभदा मॅडम म्हणाल्या, या कॅन्सरवर प्लॅटिनमवाली औषधं चालतात, पण हिचा आता त्यांना दाद देत नाही. माया म्हणाली, "बघा, मला प्लॅटिनमसुद्धा पुरत नाही." मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही.

आता त्यांच्याकडे एका नवीन गोळीची चाचणी चालू आहे. गट दोन. ‘अ’ गटाला आठवड्याची सुई, म्हणजे जुनंच औषध. ‘ब’ गटाला तीच सुई आणि वर नवीन गोळी. कुणाला कुठला गट, ते कॉम्प्युटर ठरवणार.

संमतीचा फॉर्म सव्वीस पानांचा. मायाने दोन तास बसून पानन्‌पान वाचला. सव्वीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं लिहिलेली बाई, तिला कागदाची सवय आहे. तिने अकरा प्रश्न विचारले. एक तर असा की, "यातून मला फायदा होईलच असं नाही, असं लिहिलंय. बरोबर ना?" मॅडम म्हणाल्या, बरोबर. आणि हिने शांतपणे सही केली. असं कुणी कबूल करतं का? आणि त्यावर कुणी सही करतं का?

माझा प्रश्न एकच होता. "‘ब’ गटात घ्यायला कुणाला भेटावं लागेल?"

"कुणालाच नाही काका. कॉम्प्युटर ठरवतो."

"तो बसतो कुठे?"

"बेल्जियममध्ये."

ठाण्यात असता तर आज संध्याकाळपर्यंत काम झालं असतं.

गुरुवार, ३० जानेवारी

फुल्ल झालेली गाडी मी आयुष्यात पाहिली नाही. गणपतीत कोकणच्या गाडीत टपापर्यंत माणसं असायची, तेव्हाही माझ्याकडे दोन सीटा शिल्लक असायच्या. आमदारांसाठी राखीव, आणीबाणीसाठी राखीव, आणि कशासाठीच नसतील तर माझ्यासाठी राखीव. ‘ब’ गटातही त्या असणारच. फक्त माणूस सापडायला हवा.

रत्नदीपला हैदराबादला फोन केला. म्हणाला, "पप्पा, ते रँडम असतं. कुणाच्याच हातात नसतं." ज्याची कुठे ओळख नसते तो असंच बोलतो. एवढं शिकवून मुलगा कोराच राहिला.

मग धाकूला फोन केला. धाकू आमच्या डेपोचा ड्रायव्हर होता, बाळकुमचा, आता निवृत्त. तो म्हणाला, "आरं चांगदेव, कॉम्प्युटर झाला तरी त्याला चालवनारा मानूसच हाय ना? बेल्जियमला आपला कोनी नाय, पन पत्र नेलं का खालून वरपरत सरकतं. आमचा मितेश माजी नगरसेवकाच्या हापिसात हाय. मी बगतंय." एस.टी.ची माणसं अशी असतात.

मायाला काही सांगितलं नाही. काम झाल्यावर सांगेन.

शनिवार, १ फेब्रुवारी

पत्र मिळालं. मितेशने छान टाईप केलंय. लेटरहेड, गोल शिक्का, हिरव्या शाईत सही. इथे उतरवून ठेवतो.

‘प्रति, मा. संगणक विभागप्रमुख. विषय : ‘ब’ गटात प्रवेश मिळणेबाबत. महोदय, सौ. माया चांगदेव वाघमारे या आमच्या प्रभागातील रहिवासी नसून डोंबिवली येथील आहेत, तरी त्या मनमिळाऊ व होतकरू असून त्यांची परिस्थिती मी जवळून जाणतो. तरी त्यांचा ‘ब’ गटात सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. ‘ब’ गट पूर्ण भरला असल्यास प्रतीक्षा यादीत प्रथम क्रमांक द्यावा.’

प्रतीक्षा यादीचं मला सुचलं नसतं. मितेश पुढे जाईल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माया रक्त द्यायला आत गेल्यावर मी पत्र रुचितापुढे ठेवलं. तिने वाचलं, परत वाचलं, आणि डॉ. शुभदा मॅडमकडे नेलं. मला वाटलं, पत्र खालून वर सरकलं. पाच मिनिटांत मला बोलावलं.

मॅडम म्हणाल्या, "वाघमारे, हे मी कॉम्प्युटरला वाचून दाखवू का?"

मी म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल तसं."

मग त्या गंभीर झाल्या. पेशंट स्वतःच्या मर्जीने आला आहे की घरचे त्याला रेटतायत, हे त्यांना चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला लिहून द्यावं लागतं. घरचे रेटतायत असं निघालं तर मायाला चाचणीतच घेता येणार नाही. ना ‘अ’, ना ‘ब’. खात्रीचं दुसरं औषध उरलेलं नाही, हे मला माहीत आहे. मागच्या महिन्यात त्यांनीच सांगितलं होतं, तेव्हा मी खिडकीबाहेरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजत होतो.

मायाला एकटीला आत घेतलं. दार बंद. वीस मिनिटं मी बाहेर. आतून दोनदा हसण्याचा आवाज आला. कॅन्सरच्या डॉक्टरच्या खोलीत हसतात कशाला?

बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. मी म्हणालो, "काय झालं?" म्हणाली, "घेतलं मला. आणि मी होतकरू आहे, हे मला चौतीस वर्षांत तुम्ही कधी सांगितलं नाही."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

रुचिताचा फोन आला. ‘अ’ गट. नुसती सुई.

मी तिला म्हणालो, परत एकदा दाबून बघ. म्हणाली, एकदाच दाबता येतं.

माया भाकरी थापत होती. म्हणाली, "बरं." एवढंच. मी चिडलो. "अगं, बरं काय? नवीन औषध मिळालं नाही आपल्याला!" तर म्हणते, "अहो, अर्ध्या बायका जुन्या औषधावर बसल्याशिवाय नवीन चांगलं की वाईट हे कळणार कसं? मी काय फक्त खाऊ दिलेल्या पोरांचंच वजन करत होते का?" अंगणवाडी सुटली, पण हिच्या डोक्यातून जात नाही.

मला भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. मला खूप भीती वाटते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पहिली सुई. तीन मंगळवार सुई, चौथ्या मंगळवारी सुट्टी, असं चालणार. शिळफाट्याला बस पाऊण तास अडकली. ड्रायव्हर नवखा होता, मी त्याला मागून दोन सूचना दिल्या. मायाने डोळे मिटून घेतले.

शेजारच्या खुर्चीवर आवडाबाई नावाच्या बाई होत्या. कल्याणच्या बाजारात पालेभाजी विकतात. दुखणं मायाचंच. सोबत कुणी नाही. नवरा गेला, मूलबाळ नाही. सुई चालू असताना पिशवीतून मेथीची जुडी काढून निवडत बसल्या होत्या. माया दुसऱ्या हाताने त्यांना मदत करायला लागली. सिस्टर ओरडली.

त्यांना ‘ब’ गट मिळालाय. बाटली दाखवली. पिवळ्या, चपट्या गोळ्या, दिवसाला दोन. काही ओळख नाही, पत्र नाही, काही नाही. सरळ येऊन आमच्या सीटवर बसल्या.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज जे केलं ते लिहू की नको, असा विचार करत होतो. लिहितो.

माया रक्तदाब मोजायला गेली तेव्हा आवडाबाईंशी बोललो. आधी मेथीचा भाव विचारला. मग सगळं सांगितलं. गाठ, प्लॅटिनम, पत्र, बेल्जियम. शेवटी म्हणालो, "आवडाबाई, रोजची एक द्याल का? अर्धं तिकीट समजा."

मला वाटलं बाई भांडेल. तर म्हणाली, "घ्या की भाऊ. मला रोज दोन-दोन हाईत. वाटून खाल्लं तर अंगी लागतं. त्या ताईंना गोळ्या मागाया नवरा तरी हाय."

सात गोळ्या कागदात बांधून दिल्या. मी त्या चष्म्याच्या घरात ठेवल्या. नियमाने हे बसत नाही, माहीत आहे. पण नियमाने चाललो असतो तर गणपतीत अर्ध्या कोकणाला गाव दिसलं नसतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सकाळी सहाला उठलो. पाणी कोमट केलं, पेल्यात ओतलं, तिच्या रोजच्या गोळ्यांत ती पिवळी मिसळली आणि ताटलीत घेऊन गेलो. माया उठून बसली. पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तुम्हाला बरं नाही का?"

"काही नाही. रोज मीच देणार आता."

"ही पिवळी कसली?"

"ताकदीची. मॅडमनी सांगितलीय."

"कधी?"

"तू ब्लडप्रेशरला गेली होतीस तेव्हा."

"बरं. ठेवा, चहा झाल्यावर घेते."

थाप इतक्या सफाईने मारली गेली की मलाच आश्चर्य वाटलं. दुपारी मात्र माया हट्टाला पेटली, कल्याणला जाऊन भाजी आणते म्हणून. सुईचा दुसरा दिवस, डोंबिवलीत भाजी उगवत नाही असं नाही, पण ऐकेल तर शपथ. मलाही सोबत घेतलं नाही. रिक्षाने गेली, रिक्षाने आली. मेथी आणली, चाकवत आणला, आणि चेहरा असा की लॉटरी लागलीय. गोळीचा परिणाम इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

एक विचित्र गोष्ट. चष्म्याच्या घरातल्या गोळ्या पांढऱ्या झाल्या आहेत. काल पिवळ्या होत्या. जरा फुगल्याही आहेत. हवा लागली असणार. परदेशी माल, डोंबिवलीची दमट हवा सोसत नाही. कागद घट्ट बांधून ठेवला. औषध तेच आहे, रंगाला काय करायचंय?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आवडाबाईंनी आज सुट्टीच्या आठवड्याच्या धरून चौदा गोळ्या दिल्या. त्याही पांढऱ्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझ्यांचाबी रंग उडाला बघा भाऊ." आणि पदर तोंडाला लावून खोकत बसल्या. हवेचं मी म्हटलं होतं ते खरं निघालं.

आजपासून मायाने त्यांच्यासाठी डबा न्यायला सुरुवात केली. भाकरी, झुणका, वर एक छोटी स्टीलची डबी. विचारलं, डबीत काय? म्हणाली, चटणी. चटणीचा एवढा खुळखुळाट होतो का? शेंगदाणे भरड राहिले असतील.

रविवार, २ मार्च

फॉर्मच्या एकोणिसाव्या पानावर ‘ब’ गटाचे त्रास दिलेत : तोंड येणे, तळपाय जळजळणे. मी मायाला रोज आडून विचारतो. आज विचारलं, "तोंड बिंड आलंय का?"

तिने जरा विचार केला. "हो, थोडं आलंय."

मला इतका आनंद झाला की लपवता येईना. "खूप आलंय का?"

"गार काहीतरी खाल्लं तर बरं वाटेल. सीताफळाचं आइसक्रीम."

धावत जाऊन आणलं. तिने पाऊण डबा संपवला. मग तळपायही जळजळायला लागले, म्हणून अर्धा तास खोबरेल तेल चोळलं. औषध लागू पडतंय. रत्नदीपला फोनवर म्हणालो, आईचं तोंड आलंय, आता काळजी नाही. तो म्हणाला, पप्पा, फोन आईला द्या.

मंगळवार, ११ मार्च

आज सुईआधी रुचिताने मायाची डायरी तपासली. मी मान लांब करून बघितलं. तोंड येण्याच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं होतं. तळपाय : ‘नाही’. मी दचकलो, मग लक्षात आलं. ‘अ’ गटाच्या बाईला ‘ब’ गटाचा त्रास झालेला दिसला तर भांडं फुटेल. म्हणजे माया नकळत मला सांभाळून घेतेय. चांगली माणसं अशी नशिबाने मिळतात.

मॅडमनी दिलेल्या कॅल्शियमची बाटली तीन आठवड्यांत संपली. महिना-दीड महिना पुरायला हवी होती. दुकानदाराकडे तक्रार केली, कंपनी गोळ्या कमी भरते. माया म्हणाली, "आता मोठी बाटली आणा."

मंगळवार, २५ मार्च

मायाचे केस गेले. मागच्या वेळीही गेले होते, पण या वेळी तिने आधीच न्हाव्याला घरी बोलावलं. तो तिचे काढत असताना मला म्हणाली, "बसा तुम्हीही, एकाच फेरीत होईल." बसलो. संध्याकाळी खालच्या कट्ट्यावर कुणीतरी विचारलं, घरात कोण गेलं? माझं टक्कल बघून त्याला सुतक वाटलं.

पाण्याचा पेला मी अजून चुकवलेला नाही. आता ती उठायच्या आधी जाग येते. कधी कधी पेला हातात घेऊन जरा वेळ उभा राहतो. झोपेत तिचा श्वास चालू आहे ना, ते बघतो. मग हाक मारतो.

शुक्रवार, ११ एप्रिल

मंगळवारी सीटी स्कॅन झालं. आज रिपोर्ट.

गाठ चार पूर्णांक दोन होती. आता दोन पूर्णांक सात सेंटीमीटर.

मॅडम म्हणाल्या, "चांगला प्रतिसाद आहे. बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही, पण चांगला आहे. सुई चालू ठेवू." मी खुर्चीवरून उठलो आणि कुणाला मिठी मारावी ते न कळून रुचिताचा हात हातात घेऊन हलवत राहिलो. माया खाली बघत होती. तिचे डोळे भरले होते.

मी मनात म्हणालो, चांगदेव, तू जिंकलास. बेल्जियमला हरवलंस.

बाहेर आलो तर बाकावर आवडाबाई. हातात रिपोर्टचा लिफाफा. म्हणाल्या, "वाढलंय म्हणं भाऊ माझं. गोळी बंद करनार. दुसरं कायतरी देऊ म्हनल्यात." इतक्या सहज म्हणाल्या, जशी कोथिंबीर संपली.

मी पाणी आणतो म्हणून जिन्यात गेलो आणि तिथेच बसलो.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळपासून निळे झेंडे, ढोल, खाली सरबत वाटप चालू. माया खिडकीत बसून टाळ्या वाजवतेय. डोक्याला निळा रुमाल बांधलाय. अशी हसताना तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं.

सकाळी विहारात वंदनेला गेलो. पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलापाशी, चोरी न करण्याच्या, माझा आवाज बंद पडला. शेजारच्याने पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं, बायकोच्या आजाराने.

मी त्या बाईच्या वाट्याचं अर्धं औषध काढून घेतलं. आठ आठवडे. तिला नवरा नाही, मूल नाही, आणि मी तिच्या गोळ्या चष्म्याच्या घरातून घेऊन गेलो. माझी माया हसतेय आणि तिची गाठ वाढलीय. जेवताना भाकरी तशीच ताटात राहिली. मायाने दोनदा विचारलं, "काय होतंय?" काय सांगणार?

मंगळवार, १५ एप्रिल

सांगून टाकलं.

मायाला सुई लावली, आणि मी रुचितापुढे जाऊन उभा राहिलो. सगळं एका दमात सांगितलं. अठरा फेब्रुवारीपासून. शेवटी म्हणालो, पोलिसांत द्यायचं तर द्या, पण आवडाबाईंना पूर्ण गोळ्या देऊन बघा परत. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रांगेतली माणसं बघत होती. बघू देत.

रुचिताने रजिस्टर काढलं. म्हणाली, "काका, दिलेल्या किती, घेतलेल्या किती, उरलेल्या किती, हे मी दर वेळी स्वतः मोजते. आवडाबाईंची एकही गोळी कमी नाही."

"तू चुकली असशील."

"मी गोळ्या मोजण्यात चुकत नाही."

आम्ही भांडायला लागलो. मी म्हणत होतो मी चोर आहे, ती म्हणत होती तुम्ही नाही. डॉ. शुभदा मॅडम बाहेर आल्या. मी पुरावा म्हणून चष्म्याचं घर उघडून उरलेल्या चार गोळ्या टेबलावर ठेवल्या. मॅडमनी एक उचलली, उलटसुलट केली.

"वाघमारे, ही कॅल्शियमची गोळी आहे. मीच तुमच्या मिसेसना लिहून दिलेली."

मी म्हणालो, "हवा लागून तशी झालीय."

मॅडम माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला माझंच वाक्य परत ऐकू आलं. मग त्यांनी मायाच्या खुर्चीपाशी नेलं. मायाने पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. ती पिवळी गोळी तिने घेतलीच नव्हती. त्याच दुपारी चष्म्याच्या घरातल्या सहा काढून तिथे आपल्या कॅल्शियमच्या ठेवल्या, आणि सातही कल्याणला नेऊन आवडाबाईंच्या बाटलीत परत टाकल्या. पुढच्या सगळ्या कॅल्शियमच्याच, त्या डबीतून गेल्या. तिने आवडाबाईंना दिल्या, त्यांनी मला, मी मायाला. मॅडमनी एक एक शब्द लिहून घेतला, समितीला कळवावं लागेल म्हणाल्या. लिहिताना त्यांचा पेन दोनदा थांबला, खांदे हलत होते.

मी विचारलं, "म्हणजे आवडाबाईंनी नवीन गोळी पूर्ण घेतली?"

"पूर्ण."

"आणि तरी वाढलं?"

"हो."

"आणि ही नुसत्या जुन्या सुईवर?"

"हो."

"मग नवीन गोळी वाईट?"

"दोन बायकांवरून तेही सांगता येत नाही. म्हणून तर चारशे बायका घेतल्यात. आत्ता मलाही माहीत नाही, वाघमारे. बेल्जियमलाही नाही."

एकतीस वर्षं मी खिडकीत बसून लोकांना सांगत आलो की आत काय आहे ते मला माहीत आहे.

घरी आल्यावर विचारलं, "पहिल्याच दिवशी कळलं होतं, मग बोलली का नाहीस? दोन महिने मला येडा बनवलंस."

माया पाय वर घेऊन पलंगावर बसली होती. म्हणाली, "चौतीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा माझ्यासाठी पाणी आणलं. बोलले असते तर बंद झालं असतं."

नंतर विचारलं, "आणि ते तोंड आलेलं?"

"ते आइसक्रीमसाठी."

शुक्रवार, २५ एप्रिल

आवडाबाईंना आज दुसरं औषध सुरू झालं. सलाइनमधून, चार तास, आणि सोबत माणूस पाहिजेच, असा त्या वॉर्डाचा नियम. मायाने मला सकाळी आठलाच बाहेर काढलं. कल्याणला जाऊन त्यांना रिक्षात घातलं, पिशवी माझ्याकडे घेतली. पिशवीत शेपूच्या सहा जुड्या. वाटेत माफी मागायला चार वेळा तोंड उघडलं. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "भाऊ, शेपू निवडता येतो का?" मग मी गप्प शेपू निवडला.

वॉर्डात नवीन सिस्टर होती. फॉर्म भरत होती. नाव, वय, गाव. मग वर न बघता विचारलं, "सोबत कोण आहे?"

आवडाबाई म्हणाल्या, "ह्यो? ह्यो माझा चोर."

सिस्टरने मान वर केली. त्यांच्याकडे बघितलं, माझ्या टकलाकडे बघितलं, मांडीवरच्या शेपूकडे बघितलं. आवडाबाई इतक्या हसत होत्या की हातातली सुई हलायला लागली, आणि मी उठून त्यांचा हात धरला. सिस्टरने त्या रकान्यात ‘नातेवाईक’ लिहिलं आणि सहीसाठी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी दुसऱ्या हाताने सही केली, त्यामुळे ती जरा वाकडी आली.